मार्कोनी, खडकी आणि परतीची लाट

ज्यांची नोकरी टेलिकॉमच्या टॉवरांभोवती गेली, त्यांना एक अलार्म झोपेतही ओळखू येतो. त्याचं नाव व्हीएसडब्ल्यूआर. ऑगस्ट-सप्टेंबरात इकडे खोबर-जुबैलच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट होते की पहाटे गाडीच्या काचा बाहेरून ओल्या झालेल्या असतात. नेमके त्याच दिवसांत हे अलार्म वाढतात. माणूस टॉवरवर चढतो, कनेक्टर उघडतो, आणि आत सापडतं चमचाभर पाणी नाहीतर हिरवट गंज.

एका ठिकाणी काम करत असताना आमच्या साहेबांनी, कव्हरेज कमी पडतंय म्हणून, सरळ पॉवर वाढवायला सांगितली होती. आम्ही वाढवली. कव्हरेज होतं तेवढंच राहिलं, आणि रात्री तो सेक्टरच बंद पडला. दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघितलं तर कनेक्टर धड आवळलेलाच नव्हता. त्या रात्री घरी आल्यावर मुलीने विचारलं की पॉवर जास्त दिली तर सिग्नल जास्त का नाही गेला? प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला एका फार मोठ्या माणसाला वीस-बावीस वर्षं लागली, म्हणून यंदा अंकासाठी त्याचीच गोष्ट लिहायला घेतली.

आधी तो अलार्म म्हणजे काय ते सांगतो. मुंबईकर मंडळींनी पावसाळ्यात मरीन ड्राइव्हचा कठडा डोळ्यांसमोर आणावा. समुद्राची लाट येते, उभ्या भिंतीवर आपटते आणि परत फिरते. परतणारी लाट मागून येणाऱ्या लाटेला भेटते. काही जागी दोघींची उंची मिळून पाणी दुप्पट उसळतं, आणि काही जागी दोघी एकमेकींना खाऊन टाकतात व पाणी जवळजवळ स्वस्थ राहतं. ही उसळण्याची आणि स्वस्थ राहण्याची ठिकाणं जागची हलत नाहीत. यालाच स्टँडिंग वेव्ह म्हणतात, म्हणजे जागच्या जागी उभी लाट. आता भिंतीपुढे ते सिमेंटचे चार पायांचे टेट्रापॉड टाकले की लाट त्यांच्यात शिरून विरते, परत फारशी येत नाही.

ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्येही हेच घडतं. अँटेनाचा आणि केबलचा मेळ जमला की सगळी शक्ती हवेत जाते. मेळ बिघडला, की अँटेना भिंतीसारखी वागते आणि काही शक्ती मागे फिरते. केबलवर जिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि जिथे सर्वांत कमी असतं, त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे हा रेशो. १ आला तर उत्तम, काहीच परत येत नाही. १.५ आला तर ४ टक्के शक्ती परत येते, २ आला तर ११ टक्के आणि ३ आला तर २५ टक्के. परत आलेली सगळी वाया जाते असंही नाही. ती ट्रान्समीटरकडून पुन्हा उलटून वर जाऊ शकते, पण दर खेपेला केबल आपला कर घेते, आणि उसळलेल्या जागी व्होल्टेज इतकं चढतं की काहीतरी जळतं. आमच्या पॉवर वाढवण्याचं नेमकं हेच झालं होतं.

आता मार्कोनी. गुग्लिएल्मो मार्कोनी २५ एप्रिल १८७४ला इटलीत बोलोन्याला जन्मला. वडील जमीनदार, आई आयरिश, व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. आईमुळे इंग्रजी घरातच आलं, आणि पुढे हीच भाषा त्याला कामाला आली. शिक्षणात मात्र गडी यथातथाच. विद्यापीठात रीतसर प्रवेश कधी मिळाला नाही. शेजारी राहणारे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्या ओळखीने प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बघायला मिळालं, एवढीच काय ती पदवी.

१८९४च्या जानेवारीत हाइनरिश हर्ट्झ वारला, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी. हवेतून विजेच्या लाटा जातात हे हर्ट्झने १८८८ला सिद्ध केलं होतं, आणि तेसुद्धा कसं, तर खोलीच्या भिंतीला जस्ताचा मोठा पत्रा लावून. पत्र्यावरून परतलेली लाट आणि येणारी लाट यांची उभी लाट तयार झाली. मग कुठे ठिणगी जोरात पडते आणि कुठे मरते ते मोजत त्याने लाटेची लांबी काढली. म्हणजे आमच्या अलार्ममागची ही परतीची लाट मुळात रेडिओच्या जन्मालाच हजर होती. रिगींनी हर्ट्झवर लिहिलेला मृत्युलेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि पोराच्या डोक्यात किडा शिरला.

पोंतेक्कियोच्या त्यांच्या बंगल्यात, विला ग्रिफोनेमध्ये, वरच्या माळ्यावर एकेकाळी रेशमाचे किडे पाळत. तिथे याने तारा आणि बॅटऱ्या मांडल्या. वडिलांना हा सगळा पोरखेळ वाटे, आई मात्र पाठीशी उभी होती. यात त्याचं स्वतःचं असं काय होतं? ठिणगीचं यंत्र हर्ट्झचं आणि रिगींचं, लाट ओळखणारी नळी ब्रान्लीची आणि लॉजची. मार्कोनीने १८९५मध्ये केलेली गोष्ट दिसायला साधी होती. यंत्राचं एक टोक त्याने उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. तेवढ्याने अंतर काही मीटरवरून दीड-दोन किलोमीटरवर गेलं. भाऊ अल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन बसला होता आणि सिग्नल पोचताच त्याने बार काढला, असं सांगतात. माझ्या मते मार्कोनीची खरी करामत अँटेना हीच होती. बाकी सगळं इतरांकडून आलं, आणि ते त्याने आयुष्यभर फारसं मोकळेपणाने मान्य केलं नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस आणखी लहान लाटांवर काम करत होते, हे मुलांना जरूर सांगावं. बोसांना पेटंटचा आणि धंद्याचा तिटकारा होता. मार्कोनीला तो मुळीच नव्हता. १८९६ला तो आईबरोबर लंडनला आला आणि जूनमध्ये पेटंटचा अर्ज टाकला. पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनीयर विल्यम प्रीस यांनी हात दिला, पुढच्या वर्षी कंपनी निघाली. १८९९ला इंग्लिश खाडीपलीकडे संदेश गेला. पंचविशीत पोरगा जगप्रसिद्ध झाला.

मग त्याने अटलांटिक ओलांडायचं ठरवलं. इंग्लंडच्या टोकाला पोल्डू इथे २०० फुटी वीस खांबांचं प्रचंड कडं उभारलं. सप्टेंबर १९०१च्या वादळात ते सगळं आडवं झालं. पलीकडे अमेरिकेत केप कॉडला उभारलेलंही पडलं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. याने पोल्डूला दोन खांबांमध्ये तारांचा पंखा ताणला आणि स्वतः दोन मदतनीस, पतंग आणि फुगे घेऊन कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडला गेला. डिसेंबरातलं वारं असं की फुगा गेला, पतंग गेला. १२ डिसेंबर १९०१ला शेवटी एक पतंग ५०० फूट तार घेऊन वर टिकला. पण पतंग स्थिर नव्हता. तो वर-खाली होई तसा तारेचा विजेचा गुणधर्म बदले, आणि नेमकं सूर लावलेलं यंत्र बेसूर होई. शेवटी ते चांगलं यंत्र बाजूला ठेवून याने बिनसुराचं साधं यंत्र लावलं, कानाला टेलिफोन धरला आणि साडेतीन हजार किलोमीटरवरून आलेले तीन टिंब ऐकले. मोर्समधलं एस अक्षर.

खरंच ऐकले का? यावर आजही वाद आहे. कागदावर नोंद नाही, ऐकणारे दोघंच, आणि त्या लाटा भर दिवसा इतक्या लांब जाणं कठीण, असं आजचं ज्ञान सांगतं. मला विचाराल तर संशयाला भरपूर जागा आहे. मार्कोनीलाही टोमणे लागले असावेत, कारण दोनच महिन्यांनी फिलाडेल्फिया बोटीवर त्याने कॅप्टनच्या साक्षीने कागदी पट्टीवर संदेश छापून घेतले. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. रात्री सिग्नल हजारो किलोमीटर येत, दिवसा हजार-अकराशे किलोमीटरलाच मरत. का, ते त्याला कळलं नाही. आकाशात विजेचा एक थर आहे आणि त्यावरून लाटा परततात, हे त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी मांडलं, पण त्याचा पुरावा मिळायला १९२४ उजाडलं.

मार्कोनीने यावर काढलेला तोडगा आमच्या साहेबांसारखाच होता. जोर वाढवा. आणखी मोठी यंत्रं, आणखी लांब लाटा, किलोमीटरभर पसरलेल्या अँटेना. १९०७ला आयर्लंड आणि कॅनडामध्ये व्यापारी सेवा सुरू झालीसुद्धा. पण अशा लांब लाटांवर दिलेल्या शक्तीतला फार मोठा भाग जमिनीत आणि तारांत गरम होऊनच संपे. १९०९चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनबरोबर अर्धं-अर्धं मिळालं. ब्राउनने दाखवलं होतं की ठिणगी थेट अँटेनात खुपसण्यापेक्षा मध्ये ट्रान्सफॉर्मरसारखी जोडणी घातली की शक्ती जास्त चांगली चढते. मेळ जमवण्याचीच ही पहिली पायरी. ब्राउनचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

१९१२च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली. तिच्यावरचे रेडिओ ऑपरेटर मार्कोनी कंपनीचेच नोकर होते. त्यांच्या हाकेवर कार्पेथिया धावून आली आणि सातशेहून अधिक माणसं वाचली. त्या दिवसांत मार्कोनी न्यूयॉर्कमध्ये होता, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी कंपनीच्या शेअर्सवरून इंग्लंडच्या मंत्र्यांचं प्रकरण गाजलं, आणि शरद ऋतूत मोटार अपघातात याचा उजवा डोळा गेला. संसारही धड नव्हता. १९०५ला बिअट्रिस ओब्रायनशी लग्न झालं होतं, पहिली मुलगी काही आठवड्यांतच गेली. हा माणूस घरात कमी आणि बोटींवर जास्त. १९१९ला एलेत्रा नावाची स्वतःची बोटच घेतली आणि तिच्यावर प्रयोगशाळा थाटली.

पन्नाशीला आलेला माणूस आपलं आयुष्यभराचं मत सहसा बदलत नाही. याने बदललं, आणि त्यासाठी मला तो आवडतो. त्या काळी लहान लाटा निरुपयोगी समजून हौशी लोकांकडे टाकून दिलेल्या होत्या. १९२३ला त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याने पोल्डूला लहान लाटेचा ट्रान्समीटर लावला. मार्कोनी एलेत्रावर बसून आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांपर्यंत ऐकत गेला. कंपनीच्या अवाढव्य लांब लाटांच्या केंद्रांपेक्षा हा चिमुकला ट्रान्समीटर स्पष्ट ऐकू येत होता! पुढच्या वर्षी ३२ मीटरची लाट घेऊन तो बैरूतला आला, इकडे आपल्या बाजूला. भर दिवसा, जिथे पूर्वी सगळं मरत असे, तिथे पोल्डू ऐकू आलं.

इंग्रज सरकार तेव्हा साम्राज्याला जोडण्यासाठी लांब लाटांच्या राक्षसी केंद्रांचा विचार करत होतं. मार्कोनीने सांगितलं की ते सोडा, मी लहान लाटांचा झोत टाकतो. बीम पद्धत म्हणजे हीच. करार १९२४च्या जुलैमध्ये झाला, आणि अटी जीवघेण्या होत्या. भारतासाठी मिनिटाला १०० शब्द, दोन्ही दिशांनी, दिवसाला सरासरी १२ तास. चाचणीत उतरलं तर पैसे. पद्धत अजून कुठेच पूर्ण उभारलेली नव्हती आणि कंपनीची सगळी इभ्रत पणाला लागली होती.

आणि इथे आपलं पुणं येतं. भारताचं पाठवणारं केंद्र खडकीला आणि घेणारं दौंडला उभं राहिलं. पाठवणाऱ्याच्या गोंगाटात घेणाऱ्याला काही ऐकू येऊ नये म्हणून दोघांत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचं अंतर. विलायतेच्या बाजूला ग्रिम्सबीजवळ पाठवणारं आणि स्केग्नेसजवळ घेणारं केंद्र. लाटा दोन, दिवसासाठी सुमारे १६ मीटर आणि रात्रीसाठी सुमारे ३४ मीटर.

अँटेना म्हणजे उंच मनोऱ्यांच्या रांगेवरून लोंबणाऱ्या तारांचा पडदा, आणि मागे पाव लाटेच्या अंतरावर आरशासारखा दुसरा पडदा. सगळ्या तारांत लाट अगदी एकाच क्षणी पोचली तरच झोत समोर पडतो. एक तार उशिरा उठली की झोत फाटतो. मग एका ट्रान्समीटरपासून इतक्या तारांना शक्ती वाटायची कशी? फ्रँकलिनने तांब्याच्या नळीत तांब्याची नळी घातली. आतली चिनी मातीच्या आधारांवर तोललेली, बाहेरची जमिनीला जोडलेली. आज आपल्या डिशमागे जी कोएक्सियल केबल लोंबते, तिचीच ही आजी. नळी एका जागी दुभंगते, पुन्हा दुभंगते, प्रत्येक तारेपर्यंतची वाट सारख्याच लांबीची. पण नळीला दोन फाटे फुटले की तिथे मेळ बिघडतो, कारण दोन फाटे मिळून विजेला अडथळा निम्माच होतो. हेविसाइडने १८८६ला इंपीडन्स हा शब्द काढला तो याच अडथळ्यासाठी. म्हणून प्रत्येक फाट्यावर ट्रान्सफॉर्मर घालून हिशेब पुन्हा जुळवायचा, नाहीतर त्या फाट्यावरून लाट परतणार आणि शेवटच्या तारांना उरलंसुरलं मिळणार. मनोरे सगळ्यांना दिसत, फोटोही त्यांचेच निघत. जीव मात्र या नळ्यांच्या सांध्यांत होता.

एक गोष्ट नव्या इंजिनीयरांसाठी सांगतो. मीटरवर आकडा चांगला आला म्हणजे अँटेना चांगली, असं समजू नका. केबल लांब आणि खराब असेल तर वर जाणारी लाट वाटेत झिजते, परतणारी आणखी झिजते, आणि खाली मीटरला जवळजवळ काहीच परत आलेलं दिसत नाही. वर सगळं बिघडलेलं असतं आणि खाली आकडा १.२ असतो. मी असे बरेच टॉवर पाहिलेत. मोजायचं तर अँटेनाच्या तोंडाशी मोजावं.

१९२७ साली खडकी-दौंड आणि विलायत यांच्यात बीम सुरू झाला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचं रेडिओ प्रक्षेपणही सुरू झालं, पण ती वेगळी कंपनी. बीमने समुद्री तारवाल्यांचं दिवाळंच काढलं असतं. तार इतकी स्वस्त झाली की दोन वर्षांत केबल आणि बीम यांना सरकारने एकत्र बांधलं. भारतातल्या त्या धंद्याचे वारस म्हणजे १९४७ला राष्ट्रीयीकरण झालेली ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस आणि १९८६पासून विदेश संचार निगम. शुक्रवारी टेलिफोन केबिनपुढे रियालची नाणी घेऊन आपण ज्या रांगा लावल्या, त्यांच्या पलीकडच्या टोकाला हेच खातं होतं. अशा रांगेत उभं राहून आईचा आवाज ऐकलेली माणसं आपल्या मंडळात अजून आहेत.

सौदीतही मार्कोनीची यंत्रं आली. १९३०च्या सुमारास राजे अब्दुलअझीझ यांना एवढ्या पसरलेल्या वाळवंटी मुलुखात हुकूम आणि बातमी उंटापेक्षा लवकर पोचवायची होती. जेद्दात राहणारा सेंट जॉन फिल्बी मार्कोनी कंपनीचा प्रतिनिधी होता, त्याच्यामार्फत वायरलेस केंद्रांचं जाळं उभं राहिलं. धर्मपंडितांना हे सैतानी काम वाटत होतं. राजांनी यंत्रावरून कुराणाचं पठण ऐकवलं आणि पवित्र शब्द सैतान कसा वाहून नेईल असं विचारून वाद मिटवला, अशी गोष्ट इथे सांगतात. जेद्दाहून रेडिओ प्रक्षेपण सुरू व्हायला मात्र १९४९ साल लागलं.

मार्कोनीच्या शेवटच्या दहा वर्षांबद्दल मुलांच्या पुस्तकांत फारसं नसतं. तो १९२३ला फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनी त्याच्या दुसऱ्या लग्नात साक्षीदार होता, ते लग्न १९२७ला झालं. १९३०ला मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचं अध्यक्ष केलं. तिथल्या उमेदवारांच्या याद्यांत ज्यू माणसांच्या नावापुढे ई असं अक्षर टाकलेलं होतं आणि त्याच्या कारकिर्दीत एकही ज्यू आत घेतला गेला नाही, हे २००२ साली संशोधकांनी उजेडात आणलं. आणि हे इटलीत वंशाचे कायदे येण्याच्या कितीतरी आधीचं. हर्ट्झचे वडील ज्यू कुळातले होते. ज्याच्यावरचा मृत्युलेख वाचून या माणसाचं आयुष्य घडलं, त्याच्या मुलाबाळांना पुढे जर्मनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं.

काम मात्र थांबलं नाही. १९३१ला त्याने व्हॅटिकनचं रेडिओ केंद्र उभारलं, पुढे अर्ध्या मीटरच्या लाटा खेळवल्या, म्हणजे आजच्या मोबाइलच्या अगदी जवळ. छाती दुखणं सुरू झालं होतं. २० जुलै १९३७ला रोममध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या पोस्ट खात्याची आणि बीबीसीची केंद्रं दोन मिनिटं बंद ठेवली. ट्रान्समीटर बंद, मनोऱ्यांवरच्या तारांत काही नाही. मग पुन्हा बटणं दाबली गेली आणि साचलेल्या तारा निघाल्या.